बिनमसाल्याचा कागद

माझा नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात मसालेवाला आहे. म्हणजे असं, की भाजीच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर ज्या प्लास्टिकच्या दाण्यांपासून बनतो, त्यांत काय काय मिसळायचं हे तो ठरवतो. उन्हात तडकू नये म्हणून एक रसायन, मशीनच्या रुळांना चिकटू नये म्हणून दुसरं, लवचीक राहावा म्हणून तिसरं. या सगळ्याला कारखान्यात मसालाच म्हणतात. त्याचा कागद इतरांच्या दुप्पट टिकतो, आणि ही बातमी आमच्याकडे पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबरच मिळते.

माझी नणंद मातीतल्या जीवांची अभ्यासक. घरात आम्ही तिला गांडूळताई म्हणतो, आणि ती ओ देते.

एका टेबलावर जेवणारी ही भावंडं कधीतरी समोरासमोर येणार, हे मला दिसतच होतं. वापरलेल्या कागदाचा बारीक चुरा मातीत मिसळला की गांडुळं रोडावतात, त्यांचे अंड्यांचे कोष कमी होतात, असं तिच्या प्रयोगात दिसलं होतं. ती ते एका परिषदेत मांडायला गेली, तर परीक्षकांनी एकच विचारलं, "हे प्लास्टिकमुळे, की त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे?" उत्तर शोधायचं तर मसाला न घातलेला कागद हवा, आणि तसा बाजारात कोण विकणार?

त्या संध्याकाळी तिने भाजीचं भांडं आपणहून त्याच्याकडे सरकवलं, तेव्हाच मी ओळखलं.

"दादा, मला बिनमसाल्याचा कागद करून दे."

"कशाला?"

"तुझ्या मसाल्याने गांडुळांचं काय होतं ते बघायचंय."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझ्याच पायावर मीच धोंडा मारून घेऊ?"

"काही होत नसेल तर तू मिरवायला मोकळा."

"आणि होत असेल तर?"

"तर ते तुला माझ्या तोंडून कळेल. बाहेरच्यांच्या नाही."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या मालकीणबाईंना जाऊन भेटला. त्या म्हणाल्या, "करा. मात्र जे निघेल ते मला खरं सांगायचं. गोड करून नाही."

तो कागद काढताना मशीनवरच्या लोकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. कागद रुळांना चिकटायचा, मधेच फाटायचा. शेवटी सुरकुतलेली एक गुंडाळी काखेत मारून तो घरी आला. "इतकं भिकार काम आयुष्यात केलं नव्हतं," म्हणाला. नणंदेने मात्र ती गुंडाळी अशी हातात घेतली, की मलाच हसू आलं.

प्रयोगशाळेत दोन्ही कागद गोठवून दळले, मातीत मिसळले, गांडुळं सोडली. मग नुसतं थांबणं. गांडुळांना कोण घाई करणार!

निकालाच्या दिवशी तिने आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर मातीचे तीन डबे होते. एकात निव्वळ माती, दुसऱ्यात बिनमसाल्याचा चुरा, तिसऱ्यात नवऱ्याच्या नेहमीच्या कागदाचा. तिने एकेक डबा चाळणीत धुतला. पहिल्या चाळणीत मोहरीएवढे पिवळसर कोष दाटीने पडले होते. दुसरीत जरा कमी. तिसरीत नवरा चिमटा घेऊन शोधत राहिला. जी गांडुळं होती, ती दोऱ्यासारखी बारीक झाली होती.

"चाळणी नीट धुतलीस ना?" त्याने विचारलं.

तिने आणखी डबे पुढे केले. त्याने एकूण एक डबा स्वतः धुतला. मग हात पुसून स्टुलावर बसला. आता भडकतो की रुसतो, या धास्तीने मी पर्सचा बंद पिळत उभी.

"यातलं नेमकं कुठलं?" तो म्हणाला.

"मला काय माहीत? मसाला तुझा."

"मग एकेक काढून बघू."

त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. तो एक घटक वगळून कागद करायचा, ती त्याचा चुरा मातीत घालायची, आणि जेवताना दोघं तावातावाने भांडायची. शेवटी सापडलं: ज्याच्या जोरावर तो कागद उन्हात टिकायचा, तेच. नवऱ्याचं सर्वांत लाडकं. त्याने ते आपल्या हाताने काढून टाकलं आणि मालकीणबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

नवा कागद तितका टिकत नाही. विक्रीवाल्याने सुचवलं, वेष्टनावर 'मातीचा मित्र' छापू. नवरा ताडकन म्हणाला, "बिनमसाल्याच्या डब्यातही कोष कमीच होते. छापायचंच तर हे छापा: पीक निघालं की फाटायच्या आत उचला, आम्ही परत घेतो." मालकीणबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि तेच छापलं.

नणंदेने काम पुन्हा मांडलं तेव्हा मी सभागृहात होते. तोच प्रश्न पुन्हा आला, आणि तिने एकेका डब्याचं चित्र दाखवत असं उत्तर दिलं, की विचारणारे खाली बसून लिहून घ्यायला लागले. पडद्यावर तिच्या नावाखाली तिच्या भावाचं नाव होतं. तो माझ्या बाजूला नाकाचा शेंडा लाल करून बसला होता.

पलीकडच्या बाईंनी कुजबुजत विचारलं, "ही तुमची कोण?"

"नणंद," मी म्हणाले. "आणि ते खालचं नाव आहे ना, तो माझा नवरा."

हळू बोलायला हवं होतं. पुढच्या दोन रांगा मागे वळून बघायला लागल्या. बघू देत.