काळ्या मिशीचे प्राचीन

भोजराज मुकादमांना कुणी वय विचारलं की ते छाती पुढे काढत आणि उलट विचारत, "तुले किती वाटते?" अशा वेळी मिशीला पीळ द्यायची रीत आहे, पण ते मिशीला बोट लावत नसत. लावलं तर बोट काळं व्हायचं.

बाजारातला कलप त्यांना सोसला नव्हता. एकदाच लावला, तर वरचा ओठ असा सुजला की त्या रविवारी चर्चमध्ये सगळी गीतं त्यांनी नाकातून म्हटली. तेव्हापासून त्यांच्या बायको पुष्पलताबाई घरीच दिव्यावर काजळी धरीत, खोबरेलात कालवीत आणि सकाळची प्रार्थना आटोपली की करंगळीनं नवऱ्याच्या मिशीवर चढवीत. स्वतःचे केस मात्र त्यांनी पांढरे होऊ दिले होते. "एका घरात एक जवान पुरे," असं त्या म्हणत. एकदा किरनापूरच्या बसमध्ये कंडक्टरनं भोजराजांना विचारलं, "अम्मा का टिकट भी आप ही लेंगे?" भोजराजांनी दोन्ही तिकिटं घेतली आणि हा किस्सा वर्षभर बालाघाटात सांगत फिरले. पुष्पलताबाई दर वेळी हसल्या. मात्र दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी.

मिशी काळी ठेवण्याचं खरं कारण हसण्यासारखं नव्हतं. भोजराजांची आई रुख्माबाई शेवटची काही वर्षं मागच्या पडवीत खाटेवर पडून होती. आधी घरातले तिला नावानं हाक मारत, मग 'बुढी' म्हणू लागले, आणि शेवटी नुसतंच, "तिचं झालं काय?" तिचं म्हणजे जेवण, की अंग पुसणं, की आणखी काही, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. भोजराजांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, मरण येवो, प्रभूची इच्छा, आपली काही हरकत नाही. पण आपलं 'त्याचं झालं काय' होऊ द्यायचं नाही.

आणि आता तेजरामला लकवा झाला होता.

भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीत दोघांनी उमर काढली. भोजराज मुकादम, तेजराम सुरुंग लावणारा. रोज पहाटे दोन सायकली निघत. तेजराम पुढे असायचा. चढ लागला की मागे न पाहताच ओरडायचा, "येऊन राह्यला काय बे?" आणि भोजराज मागून धापा टाकत ओरडायचे, "येऊन राह्यलो!" नोकरी संपल्यावर तेजराम आपल्या गावी, किरनापूरला गेला. नाताळानंतर त्याची एक बाजू गेली, मग दुसरीही सैल पडत चालली. तो भोजराजांपेक्षा वयानं लहान होता, हे सर्वांत वाईट.

पुष्पलताबाई दोनदा जाऊन आल्या. "भाऊजी तुमचं नाव घेऊन राह्यले. एकदा जा नं."

"जाईन नं व. नाही म्हटलं काय मी?"

मग बस चुकायची, पाहुणे यायचे, छपराची कवेलू फुटायची. गुडघा सोडून सगळी कारणं सांगून झाली होती. गुडघा म्हाताऱ्यांचा दुखतो.

राज्यांची वाटणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं नि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिलं, तेव्हापासून त्यांच्या चर्चमधली मराठी हळूहळू मागच्या बाकांवर सरकली होती. नवे पाद्री चैतराम जबलपूरकडचे. त्यांची प्रार्थना हिंदीत, उपदेश हिंदीत आणि खोकलाही हिंदीतच वाटायचा. ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनी हसतमुखानं जाहीर केलं, "मंडली ने भोजराज भाई को प्राचीन चुना है."

भोजराजांच्या माहितीत प्राचीन म्हणजे लांजीचा किल्ला. ते उभे राहिले, टाळ्या ऐकल्या, आणि उपासना संपताच त्यांनी पाद्रींना दारात गाठलं.

"पाद्रीसाहेब, मी प्राचीन?"

"जी. सबने एकमत से कहा."

"एकमतानं?" हे त्यांना जास्त लागलं. "काहून? काय दिसलं माझ्यात?"

"अनुभव," पाद्री म्हणाले, आणि उरलीसुरली आशाही गेली.

पुष्पलताबाईंनी घरी गेल्यावर हसत हसत उलगडा केला. "अवो, आपण ज्याले मंडळीचे वडील म्हणतो, त्याले हे लोक प्राचीन म्हणतात. मान दिला तुम्हाले!"

"वडील तरी कुठं जवान असते?" भोजराज म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

संध्याकाळी पाद्री स्वतः आले. चहाच्या कपाशेजारी त्यांनी तेलाची छोटी बाटली ठेवली. मंडळीच्या प्राचीनानं आजाऱ्याच्या घरी जायचं, कपाळाला तेल लावायचं, प्रार्थना करायची. पहिलं घर किरनापूरचं.

भोजराजांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग इतकी वर्षं कुणाला न विचारलेलं त्यांनी विचारलं. "पाद्रीसाहेब, प्रभूनं भूक पाहिली, मार खाल्ला, मरण सोसलं, सगळं मान्य. पण म्हातारपण? तेहतिसाव्या वर्षी सुटले ते. खाटेवर पडून राहणं काय असते, त्यांले काय ठाऊक? मंग या बाबतीत माणसानं कोणाजवळ बोलावं?"

पाद्रींनी चहा संपवला. "इसका उत्तर मेरे पास नहीं है, भाई. तेल आपके पास है."

बुधवारी भोजराज निघाले. त्या दिवशी मिशीवर काजळीचा दुहेरी हात चढला होता. लढाईला जाताना माणूस चिलखत घालतो, त्यातलाच प्रकार.

तेजरामच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, दार उघडलं. "या भाऊजी," एवढंच म्हणाल्या. 'आता आले काय' हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

समोरच्याच खोलीत खाट होती. खाटेवर तेजराम कमी आणि चादर जास्त दिसत होती. चेहरा एका बाजूला ओघळला होता. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"भोजू?" शब्द जड येत होते. "तू तं तसाच हायेस बे. काळाभोर."

क्षणभर भोजराजांना बरं वाटलं. तेवढ्यात तेजरामच्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्याचा हात उठला नाही.

"मले वाटलं, संगंच चाललो आपण. तू तं मागंच राह्यला. मंग मी एकटाच म्हातारा झालो काय बे?"

तेजरामनं डोळे मिटले, आणि चढावर विचारायचा तसं, पण अगदी बारीक आवाजात विचारलं, "येऊन राह्यला काय बे?"

भोजराज उठून मोरीपाशी गेले. खिशातली बाटली काढली, पाद्रींनी दिलेलं तेल तळहातावर ओतलं आणि मिशी चोळू लागले. अर्ध्याहून जास्त तेल गेलं. प्राचीन झाल्यावर त्यांनी पहिला अभिषेक असा स्वतःलाच केला. अंजनाबाईंनी साबणाची वडी पुढे केली. काळं पाणी मोरीतून वाहत राहिलं. हुंदका आला तो त्यांनी साबणाच्या फेसात दडवला.

ते परत आले तेव्हा मिशी पांढरी होती, कडेला थोडी राखाडी. ते खाली वाकले, तेजरामचा हात उचलून त्यांनी आपल्या ओठावर ठेवला. "येऊन राह्यलो, तेजा. पाहा."

तेजरामनं डोळे उघडले. चेहऱ्याच्या ज्या बाजूला जमत होतं तेवढी बाजू हसली. "बुढ्ढा."

"मले भेव वाटत होतं. म्हणून नाही आलतो."

"माहीत हाय. सुरुंग लावतानाबी तू दूर झाडामागं राहायचा." मग त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "तहान लागली."

अंजनाबाईंनी वाटी दिली. पेल्यानं ठसका लागत होता, म्हणून कापसाचा बोळा भिजवून ओठांवर पिळायचा. भोजराजांनी बोळा भिजवला, पुढे नेला, आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

उमरभर ते गुड फ्रायडेला प्रभूच्या क्रूसावरच्या मरणाची कथा उभं राहून ऐकत आले होते. हात खिळलेले, हलवता येत नव्हते. अंगावरचे कपडे दुसऱ्यांनी काढून घेतलेले. तहान लागली, असं सांगावं लागलं, आणि कुणा परक्यानं भिजवलेला बोळा तोंडाशी नेला. आई समोर उभी राहून पाहत होती. तेहतिसाव्या वर्षी सुटले, म्हणे! सगळं म्हातारपण त्यांनी एका दुपारी भोगलं होतं.

"भाऊजी, पाणी," अंजनाबाई म्हणाल्या.

भोजराजांनी तेजरामच्या ओठांवर थेंब थेंब पाणी पिळलं. मग उरलेलं तेल अंगठ्यानं त्याच्या कपाळाला लावलं आणि मराठीत प्रार्थना केली. तिच्यात त्यांनी काहीच मागितलं नाही. "प्रभू, तुले माहीत आहे," एवढंच दोन-तीनदा म्हटलं.

त्यानंतर भोजराजांची बस एकदाही चुकली नाही. बोळा धरणं, कूस बदलणं, अंग पुसणं ते शिकले, आणि कधीही "त्याचं झालं काय" असं म्हणाले नाहीत. दर वेळी नाव घेत. पेरण्या आटोपायच्या आत तेजराम गेला. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. भोजराजच मधूनमधून कानाशी जाऊन सांगत, "येऊन राह्यलो बे."

माती देऊन परतताना बसमध्ये गर्दी होती. कंडक्टर ओरडला, "अरे उठो भाई, बूढ़े-बुढ़िया को बैठने दो!" पुष्पलताबाईंनी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

"बैस व," भोजराज म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, त्यांच्याशेजारी बसले. कण्हणं त्यांनी लपवलं नाही. भरवेलीच्या मातीत गेलेली ती सगळी वर्षं गुडघ्यात होती, आणि एक सायकल आता कायमची पुढे निघून गेली होती.

"टिकट?"

"दोन," भोजराज सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. "एक माझं, एक माझ्या बायकोचं."

पुष्पलताबाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो बालाघाट येईपर्यंत काढलाच नाही.