मस्कतला मी लंगडले

केडगाव स्टेशनजवळच्या आपल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मल्हारदादानं विंडोज काढून लिनक्स टाकलं. तेव्हापासून तिथं व्हायरस येत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही. त्यामुळं मला स्थळ आलं आणि मुलगा मस्कतला नोकरीला असल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दादाला झाला. मुलगी वेबकॅमवर दाखवू, असं त्यानं आमच्या वडलांना, आण्णांना, परस्पर सांगून टाकलं.

कॅमेरा पुण्याहून आणला. सोबतची सीडी फक्त विंडोजची. दादा म्हणाला, लिनक्सला सगळं चालतं. मग कुणा परदेशी माणसानं लिहिलेला, कॅमेरा चालवायचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून उतरवून तो त्याच्याशी झटत बसला. शेवटी चित्र आलं. म्हणजे एक चित्र यायचं, थोडा दम खायचं, मग पुढचं यायचं. दादानं वस्तीवर पेढे वाटले.

पाहण्याच्या दिवशी मुलाचे मामा, हौशीराम, इनामगावहून सेंटरवर आले. पोहे खाऊन मॉनिटरसमोर बसले. एका चौकोनात मुलगा, म्हणजे शंभू, दुसऱ्यात मी. नाव, शिक्षण, स्वयंपाक झालं. मग मामांनी नेहमीचं सांगितलं, पोरी, जरा चालून दाखव.

मी दारापासून भिंतीपर्यंत चालले. कॅमेऱ्यानं माझा उजवा पाय टिपला, दम खाल्ला, पुन्हा उजवाच टिपला. केडगावला मी चालले, मस्कतला लंगडले.

शंभूनं हेडफोनमधून मामांना काहीतरी विचारलं. मामांनी मॉनिटर पाहिला, मला पाहिलं, पुन्हा मॉनिटर पाहिला.

"व्हय की. डाव्या पायानं अधू हाय."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेले होते.

मला पुन्हा चालायला लावलं. मग साडी घोट्याच्या वर धरून. दादाला खरं माहीत होतं आणि तो कीबोर्डवर काहीबाही बडवत होता. त्यानं एक वाक्य बोलावं आणि माझा पाय मला परत मिळावा, एवढंच मला हवं होतं. तो पुटपुटला, जरा हळू चाल. मी हळू चालले. मस्कतला ते जास्तच दिसलं.

मग आण्णांनी तोंड उघडलं. "पूनम, ल्हानपणी मेंढरांमागं पडली व्हतीस, तवा काही राहिलं का गं?"

तेव्हा कुठं दादा उठला. मान खाली घालून म्हणाला, "मामा, तिचा पाय चांगला हाय. कॅमेराच ह्या मशीनला नीट चालत न्हाई. मी सगळ्यांला खोटं सांगितलं." आणि पुरावा म्हणून स्वतः दारापासून भिंतीपर्यंत चालला. मॉनिटरवर तोही लंगडला.

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावाचं काळीज हाय, समजतं. पण मग हे घराण्यातच हाय म्हणायचं."

मी म्हणाले, मामा, आता तुम्ही चाला. मामांनी मॉनिटरकडं पाहिलं, धोतर सावरलं आणि एसटीची वेळ झाली असं सांगून बसूनच राहिले. दादानं कॅमेऱ्यावर रुमाल टाकला तेव्हा उठले. शंभूचा चौकोन त्याआधीच काळा झाला होता.

घरी जाताना मी पुढं आणि आण्णा मागं. एरवी ते पुढं असतात. मी वळून पाहिलं, तर ते घाईघाईनं आभाळाकडं बघायला लागले. त्यानंतर सरळ कसं चालतात ते मला आठवेना. मी विचार करून डावा टाकला, विचार करून उजवा टाकला, आणि मागून आण्णांनी हळूच उसासा सोडला.