टायरवाल्याचा अंगठा

मित्रांनो, दुखत असताना ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसांचं मला मुळीच कौतुक नाही. त्या टायरवाल्याचं तर अजिबातच नाही.

मी एक जुनी दुर्बीण आहे, शिसपेन्सिलीएवढी जाड. आभाळ बघायची नव्हे, माणसाच्या पाठीत शिरायची. नखाएवढ्या छेदातून मी आत जाते, मणक्यांमधली सरकलेली गादी पडद्यावर दाखवते आणि माझ्याच पोटातून जाणारा चिमटा नस दाबणारा तुकडा काढतो. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण पाठी वाचल्यात शेकड्यांनी! पुढे नवी दुर्बीण आली आणि मी खालच्या खणात गेले. ती बिघडली, तेव्हा दवाखान्यातल्यांना माझी आठवण झाली. थोरल्या सिस्टरने मात्र माझी काच तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी पुसली.

टायरवाला टेबलावर पालथा पडला होता, पण चांगला जागा. आमच्याकडे फक्त पाठ बधिर करतात, नस जागी ठेवतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, “पायात कळ आली की लगेच सांगायचं. त्यावरूनच मला कळणार, नसेला धक्का लागतोय ते.”

चिमटा पुढे सरकला. समोर पांढरी नस, तिच्यावर केसाएवढ्या लाल रेघा. तुकडा तिलाच चिकटलेला.

“कळ येते?”

“छे! ट्रकचे टायर उचलतो मी.”

खोटं! नस माझ्यासमोर थरथरत होती, पडद्यावर दिसणार नाही इतकी बारीक. अजून जरा ओढलं असतं, तर पाऊल जन्माचं लुळं. मी ओरडले, पण माझी भाषा कोणाला कळते?

तेवढ्यात पायाशी उभ्या थोरल्या सिस्टरला चादरीबाहेरचा अंगठा वळवळताना दिसला. “बाई, थांबा! अहो पैलवान, तोंड नाही म्हणतंय, मग अंगठा का नाचतोय?”

तो बारीक आवाजात म्हणाला, “बाहेर आई बसलीय. ऐकेल. घाबरेल.”

“घाबरू दे. लुळा पाय बघण्यापेक्षा बरं!”

चिमटा पुन्हा हलला आणि “आई गं!” अशी हाक दाराबाहेर गेली. बाईंनी तिथेच हात आवरला, बाजूने वाट काढली, तुकडा अलगद सोडवला. दबलेली नस हळूहळू फुलली.

संध्याकाळी तो आईचा हात धरून आम्हा हत्यारांना धुतात त्या खोलीसमोरून चालत गेला. म्हातारी म्हणत होती, “सातवीत हात मोडला तेव्हासुद्धा हाक मारली नव्हतीस रे. आज कुठे वाटलं, मी तुझी आई आहे म्हणून.”

त्याने डोळे पुसले. मला भरून आलं, पण मी सोडते होय! ट्रेमधूनच सुनावलं, “लेका, घरी गेल्यावरही दुखलं की सांगायचं. दर वेळी तुझी चुगली करायला अंगठा येणार नाही!”