एकतिसावा दिवस

"हे निकेशचं. पापड वर ठेव, खाली दाबू नको. मागच्या टायमाला निसता भुगा पोचला," असं म्हणत गिरजाबाईंनी पिशवी पडवीतल्या बाकावर ठेवली आणि पदराने मान पुसली.

हाशिम खुर्चीतून उठला. "वयनी, मी नाय जात."

"व्हय व्हय. तारीख कंची सांगितलीस?"

"तारीखच नाय. मी कायमचा आलोय."

गिरजाबाई हसल्या. शेजारच्या आळीतल्या या बाईचा मुलगा निकेश कुवेतमध्ये एसी दुरुस्त करायचा. "कायमचं कोन येतो रे तिकडनं? पापड पेणचे हायत, पोह्याचे. त्याला सांग, एकटा खाऊ नको," म्हणत त्या अंगण ओलांडून गेल्याही.

बाकावर आता पाच पिशव्या झाल्या होत्या. एकीत सुका जवळा, दुसरीत डिंकाचे लाडू, दोन मसाल्याच्या. प्रत्येकीवर पेनाने कोणा ना कोणाच्या मुलाचं नाव लिहिलेलं. हाशिमने मनातल्या मनात मोजलं. तो आला त्याला आज चोवीस दिवस झाले होते. म्हणजे पिशव्या वेळेवर आल्या होत्या.

रोह्याच्या अलीकडच्या या गावात कुवेतहून आलेला माणूस तीस दिवस राहतो, हे सगळ्यांना पाठ होतं. चोविसाव्या दिवसापासून त्याच्या घरी पिशव्या यायला लागायच्या आणि तिसाव्या दिवशी त्या बॅगेत बसून जायच्या. हाशिम बत्तीस वर्षं असाच येऊन गेला. समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात तो पंपांचा मेकॅनिक, शेवटी फोरमन. दर दोन वर्षांनी एक महिना सुट्टी. दुसऱ्या सुट्टीत त्याचं शरीफाशी लग्न झालं आणि कोरोनात एक सुट्टी बुडाली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको मिळून तेरा महिने एका छपराखाली राहिले होते. मुलगी उमामा चोवीस वर्षांची. रोज रोह्याहून गाडीने पेणला जाऊन ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची.

जानेवारीत त्याने साठी ओलांडली आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, करार वाढवायचा नाही. कोणी काढलं नव्हतं. तो स्वतःहून निघाला. फोनवर शरीफाला म्हणाला, "या बारीला येतोय तो कायमचा." मग ती म्हणाली, "बरं."

त्या एका शब्दाचा अर्थ त्याला अजून लागला नव्हता.

पहिले आठ दिवस घरात कोंबडी शिजली. दर सुट्टीत शिजायची तशीच. त्याचं ताट आधी वाढलं जायचं, दोघी मागून जेवायच्या. तो पाणी घ्यायला उठला की उमामा धावायची, "अब्बा, बसा तुम्ही." मीठ कुठे असतं हे त्याला माहीत नव्हतं. तीन दिव्यांच्या बटणांतलं कोणतं परसातलं, तेही नाही. नवव्या दिवशी त्याला ते बसणं असह्य झालं आणि तो परसातल्या विहिरीवर गेला.

विहिरीवरची मोटर शरीफाचीच म्हणायला हवी. पाइपाच्या तळाची झडप गळकी होती, म्हणून ती आधी दोन कळशा पाणी वरून ओतायची, कान देऊन आवाज ऐकायची आणि मग बटण दाबायची. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. त्यावर भेंडीचे आणि वांग्याचे वाफे चालायचे आणि आठवड्यातून दोनदा रोह्याच्या बाजारात टोपली जायची. हाशिमला ते कळशा ओतणं बघवलं नाही. असला अडाणीपणा त्याच्या कारखान्यात कोणी केला असता, तर दुसऱ्या दिवशी तो कामावर नसता. त्याने रोह्याहून नवी झडप आणली, सबंध दुपार घालून बसवली. कळशी न ओतता मोटर सुरू केली. पाइपातून मनगटाएवढी धार पडली. आवाज असा स्वच्छ की त्याने डोळे मिटून ऐकला. मग तो बांधावर सखाशी बोलायला गेला. सखा म्हणजे त्याचा शाळेतला सोबती, पलीकडच्या शेताचा धनी. बत्तीस वर्षांचं बोलायचं होतं.

जळका वास आधी सखाला आला. "हाशिम, तुजी मोटर रे!"

विहिरीत तळाचे दगड दिसत होते. मोटर कोरडी फिरून वाइंडिंग जळलं होतं. पन्नास मिनिटं झाली होती.

शरीफा परसात आली. तिने विहिरीत वाकून पाहिलं, मोटरीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "फागुन जवळ आला की वीस मिनिटांच्या वर झरा पुरत नाय. शेंबड्या पोराला ठाव हाय."

"मला कोण बोललं नाय."

"तुमी इचारलं कुठं?"

"शरीफा, मी बत्तीस वर्षं पंप चालवलेत. एक दिवस बंद पडू दिला नाय."

"तिकडं समुद्र होता," शरीफा म्हणाली. "तो आटत नाय."

उमामा पेणहून आली तेव्हा दोघं हंड्याने वाफ्यांना पाणी घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत विचारलं, "अब्बा, तुम्ही तिकडं फोरमन होता ना?"

"हसू नको गो," शरीफा तिच्यावर खेकसली. मग हंडा खाली ठेवून हाशिमकडे वळली. रागाने नाही. बाजारात गिऱ्हाइकाला एकदाच दर सांगतात तशी बोलली. "तिकडं गेलात तवा अरबी शिकलात. त्यांच्या वेळा, त्यांचे कायदे, समदं शिकलात. कोन बोलत नव्हतं तिकडं की मेहमान हाय, चुकू द्या. हा पन एक मुलुख हाय. अठ्ठावीस वर्षं मी एकटीनं चालवलाय. ऱ्हायचं असंल तर शिका."

त्या रात्री कोंबडी नव्हती. वालाचं बिरडं आणि भाकरी. हाशिमने मिठाची बरणी स्वतः शोधली. तिसऱ्या फळीवर, हळदीच्या मागे.

मोटर रोह्याहून नवं वाइंडिंग भरून यायला चार दिवस लागले. ती आली तेव्हा त्याने बसवली, पण बटणाला हात लावला नाही. शरीफाने लावला. पुढचे चार दिवस तो तिच्या शेजारी उभा राहून पाणी किती खाली जातं ते बघत होता. विहिरीच्या आतल्या दगडात एक पांढरी रेघ होती. तिच्या खाली पाणी गेलं की बंद करायचं. ही रेघ त्याच्या वडिलांनी चुन्याने मारलेली, हे त्याला शरीफाकडून कळलं.

विसाव्या दिवशी मुरादचा फोन आला. मुराद हा त्याचा धाकटा भाऊ, अजून त्याच कारखान्यात. "भाईजान, नवीन माणसाला जमत नाय. मॅनेजर बोलतो, हाशिमला बोलव, दोन वर्षं देतो. पंधरा दिवसांत आलात तर जुनाच कागद चालतो. धा दिवसांत हो का नाय ते सांगा. रूम पन तीच. तुमची खाट अजून रिकामी हाय."

"बघतो," हाशिम म्हणाला. फोनचा आवाज मोठा होता. शरीफा दारात वाल निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

आणि तेविसाव्या दिवशी तिने माळ्यावरून त्याची मोठी निळी बॅग काढली, आतून-बाहेरून पुसली आणि अंगणात उन्हात उघडी टाकली.

हाशिमने ती पडवीतून पाहिली. उन्हात तोंड वासून पडलेली ती बॅग त्याला ओळखीची होती. दर सुट्टीत तेविसाव्या दिवशी ती अशीच उन्हात पडायची. दुसऱ्या दिवशी गिरजाबाई पापड घेऊन आल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी सखाने शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवल्या. सात-आठ जण जमले होते. मडकं उघडलं तेव्हा सखाने पहिलं अंडं पानावर घालून हाशिमपुढे धरलं.

"घे. पावण्याला आदी."

हाशिमने पान परत सरकवलं. "पावणा कोन?"

"बरं, कुवेतवाला."

"कुवेतवाला पन नाय. पाला कोनी आनला आज? बांधाबांधानं फिरून मी आनला. मडकं कोनी भरलं? जो राबतो त्याला पावणा बोलतात का रे तुमच्यात?"

सगळे हसले. सखाही हसला, पण जरा थांबून म्हणाला, "अरे, बोलायची सवय झाली रे. बत्तीस वर्षं तू येतो आन् जातोस. आमी तुजी जागा धरून नाय बसलो, काय करनार?"

"नका धरू," हाशिम म्हणाला. "मी करतो माझी." आणि शेंगांचा ढीग स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या पानांवर वाढू लागला. स्वतःला सगळ्यात शेवटी घेतलं. तेव्हा अंडी संपली होती.

तिसाव्या दिवशी सकाळी मुरादचा पुन्हा फोन आला. हाशिम अंगणात होता. त्याने मुद्दाम आवाज मोठा ठेवला.

"नाय येत," तो म्हणाला.

"भाईजान, घरात बसून काय करनार? चार दिवस बरं वाटतं. मंग बायका-पोरी इचारत नाय. इथं तुमाला सलाम करतात."

"करत असतील."

"खाट दुसऱ्याला दिली तर परत मिळायची नाय."

"दे. गादी जरा मधी खचलेय, त्याला सांग भिंतीकडं निज." त्याने फोन बंद केला.

मग त्याने बाकावरच्या पाचही पिशव्या दोन्ही हातांना अडकवल्या आणि निघाला. कुवेतला जाणाऱ्याने पिशव्या दारोदार परत करायच्या, असं गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. पहिल्या घरात त्यांना वाटलं, वजन जास्त झालं. दुसऱ्या घरात, पिशवीवर नाव असलेल्या सुजयच्या आईने विचारलं, "आजारी हायस का?" प्रत्येक दारात त्याने तेच सांगितलं. मी जात नाही, पुढच्या महिन्यात पलीकडच्या आळीतला एक जण जातोय, त्याच्याकडे द्या. चौथ्या दारापर्यंत त्याचा आवाज चढला होता.

गिरजाबाईंनी पिशवी हातात घेतली नाही.

"माज्या निकेशनं काय तुजं घोडं मारलंय? पोरगं पापडाची वाट बघतंय."

"वयनी, पापडाचा भुगा नाय झालेला. बघून घ्या."

"नोकरी हाय, खाट हाय, समदं हाय. आन् हितं कशाला ऱ्हातोस? बायकोला तुजा उपेग काय? इतकी वर्षं तिनं तुज्याबिगर काडली. तू आलास ती मोटर जाळलीस फकस्त."

ते गावभर झालेलं होतं तर. हाशिमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण त्याने पिशवी त्यांच्या उंबऱ्यावर नीट, पापड वर येतील अशी ठेवली.

"जाळली," तो म्हणाला. "भरून आनली, बसवली. आता पाण्याची रेघ बघतो. ते काम हाय माझं. उद्या या बघायला."

एकतिसाव्या दिवशी तो उठला तेव्हा परसात काही ओतल्याचा आवाज येत होता.

शरीफा गोणपाट अंथरून बसली होती. समोर निळी बॅग उघडी. तिच्यात अर्ध्यापर्यंत वाल, आणि शरीफा वरून चुलीची चाळलेली राख दोन्ही हातांनी कालवत होती. कोपरांपर्यंत हात करडे झाले होते. यंदाचे वाल. किडे लागू नयेत म्हणून राखेत ठेवतात, हे हाशिमला माहीत होतं. बॅगेत ठेवलेले मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. बॅगेच्या मुठीला विमानतळाची पट्टी तशीच लटकत होती.

"हे काय?"

"पत्र्याच्या डब्यांना भोकं पडलीत. हिचं झाकण घट्ट बसतं. किडा शिरत नाय."

हाशिम तिच्यासमोर उकिडवा बसला. पाच-सहा वाल उचलून त्याने हातावर फिरवले.

"तेविसाव्या दिवशी हिला उन्हात टाकलंस."

"व्हय."

"मला वाटलं..."

"मला पन ठाव नव्हतं," शरीफा म्हणाली. "धुवायची तर होतीच. तुमी काय बोलता ते ऐकून भरनार होते. कपडे, नाय तर वाल." तिने राखेचं शेवटचं सूप ओतलं. "काल गिरजाबायच्या दारातनं तुमचा आवाज इथवर आला."

झाकण लावायला दोघांना दाबावं लागलं. मग हाशिमने मूठ धरून बॅग उचलायला बघितली. ती जागची हलली नाही.

उमामा डबा भरून निघाली होती, ती दारात थांबली. "अब्बा, तीस किलोच्या वर गेली. एअरपोर्टवर सोडणार नाहीत."

"नाय सोडनार," हाशिम म्हणाला.

तिघांनी मिळून बॅग ओढत नेली आणि स्वयंपाकघरात फळीखाली सरकवली. राखेची एक पुसट रेघ परसापासून आतपर्यंत उमटली. उमामा गाडीसाठी पळाली. शरीफा हात धुवायला वळली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "पाण्याचा टाइम झाला."

ती स्वतः विहिरीकडे गेली नाही.

हाशिम विहिरीवर गेला. बटण दाबलं आणि काठावर बसून आत बघत राहिला. पाणी एकेक दगड सोडत खाली जात होतं. आतून शरीफाने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने मोटर बंद केली. पांढऱ्या रेघेवर अजून बोटभर पाणी होतं.