चौऱ्याहत्तर गुण

गजर वाजला तसा बळीराम भोईरांनी आभाच्या हाताखालचा कागद ओढला.

"काका, अर्धंच वाक्य राहिलंय हो!"

"घंटा झाली ना? मंग हात वर. तिथं तुजा काका नाय बसलेला."

आभाने नाइलाजाने दोन्ही हात वर केले. कचेरीत लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. खात्याची परीक्षा जवळ आली की तिच्यासारखे नवे कारकून दर रविवारी भोईरांच्या रोडपालीच्या घरी सरावाला जमत. पेपर भोईरच काढत, कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर, कार्बन घालून. वेळ संपली की कुणाची गय नाही. मग खिशातली कचेरीतलीच पेन्सिल निघे, एक टोक लाल, एक निळं. लाल टोकाने ते तिथल्या तिथे तपासत आणि गुण देताना हात इतका आखडता घेत की पोरं हैराण होत. "एक वेळ मला घरी विसरतील, पन ती पेन्सिल नाय," असं त्यांची बायको कमळाबाई सगळ्यांना सांगे.

त्यांच्याकडे सराव केलेली पोरं पटापट पास झाली, काही तर त्यांचीच साहेब झाली. भोईर स्वतः मात्र अकरा वेळा बसले आणि अकरा वेळा आपटले. येत नव्हतं असं नाही. रजेचे नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. पण हात सावकाश. अक्षर एवढं सुबक काढायचं की आठातले पाच प्रश्न होईतो तीन तास सरायचे.

यंदाची बारावी खेप शेवटची. डिसेंबरात वयाची पंचेचाळीस पूर्ण झाली की परीक्षेतून आपोआप सूट मिळणार होती, अडलेली बढतीही सुटणार होती.

"मंग कशाला जीव काढताव?" कमळाबाईने विचारलं.

"सेवापुस्तकात एकदा 'उत्तीर्ण' लिवलेला पायजे," ते म्हणाले. "सूट काय, म्हातारा झाला की कुनालापन मिळते."

त्या पावसाळ्यात कचेरीतून आल्यावर रोज त्यांनी गजर लावून एक पेपर सोडवला. बोटं सुजायची, पाठ धरायची. अक्षर बिघडू द्यायला ते शिकले, आणि ते शिकणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

ऑक्टोबरात पनवेलच्या एका शाळेत परीक्षा झाली. भोईरांच्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून आला देवेश, चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडेच सराव करून पास झालेला. भोईरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आठवा प्रश्न संपवून घड्याळ पाहिलं, तर बारा मिनिटं शिल्लक! असं जन्मात झालं नव्हतं. एवढ्या वेळेचं करायचं काय, हेच त्यांना कळेना. म्हणून ते पहिल्यापासून वाचू लागले.

वाचता वाचता हात सवयीने खिशाकडे गेला. पहिला प्रश्न चोख, दहापैकी दहा. दुसऱ्यात एक मुद्दा राहिलाय, नऊ. पाचवा ढिसाळ, आठच. शेवटी बेरीज केली, पहिल्या पानावर आकडा टाकला आणि भोवती लाल गोल काढला. चौऱ्याहत्तर.

घंटा झाली. कागद गोळा करत आलेला देवेश त्यांच्या बाकापाशी थबकला.

"काका, हे काय केलंत?"

भोईरांनी खाली पाहिलं आणि हातातली लाल पेन्सिल बाकावर ठेवली. उत्तरपत्रिकेवर कसलीही खूण केली की ती रद्द. हा नियम प्रत्येक रविवारी त्यांनीच सांगितला होता.

देवेश खाली वाकला. "मी कोरी उत्तरपत्रिका देतो. सगळे गेले की बसून उतरवून काढा. कुणाला काही कळणार नाही."

भोईरांनी सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, मग देवेशकडे. याच पोराचा कागद त्यांनी शब्द अर्धा असताना ओढला होता, तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"देवेश, घंटा झाली," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर केले.

घरी कमळाबाईने विचारलं, "कसा गेला?"

"चौऱ्यात्तर."

"आजच निकाल लावला?"

"मीच तपासला," ते म्हणाले आणि काय झालं ते सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. कमळाबाई जवळ बसून त्यांची बोटं चोळत राहिली.

जानेवारीत निकाल आणि भोईरांना सूट मिळाल्याचा आदेश एकाच टपालाने आले. आभा पेढे घेऊन धावत आली.

"काका, पास! एकाहत्तर पडले!"

"माज्यापेक्षा तीन कमी," भोईर म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

सेवापुस्तकांचं टेबल त्यांच्याचकडे होतं. आभाच्या पुस्तकात त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं. मग स्वतःचं पुस्तक उघडलं आणि 'सूट' हा शब्द त्यांच्या जुन्या, सुबक अक्षरात लिहायला घेतला. आता घाई नव्हती.