भावनाच्या अंगातलं वारं

भावनाचे हात थरथरले आणि खारबावच्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं, की हिच्या अंगात देवी येते.

तिची सासू ठमाबाई नावाजलेली धवलारीण. भटजी एक वेळ नसला तरी चालेल, पण मांडवात बसून लग्नाचे धवले गाणारी धवलारीण नसेल तर इकडं लग्न लागल्यासारखं कुणाला वाटतच नाही. ठमाबाईचा घसा बसला तो कायमचा, आणि धवले सुनेकडं आले. भावनाचा आवाज गोड, पाठांतर चोख. भाकऱ्या थापताना गायची तेव्हा शेजारणी हातातलं काम टाकून ऐकायच्या. पण पहिल्याच मांडवात सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि तिच्या छातीत धाडधाड सुरू झालं. हातातल्या ताटातले तांदूळ सांडले, आवाज फाटला. "वारं आयलं गो," म्हणत शेजारच्या काशीनं तिच्या कपाळी मळवट भरला, आणि बायका पाया पडू लागल्या.

बिचारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती वाटते म्हणून सांगायचीही सोय राहिली नाही. देवीला भित्री कोण म्हणणार? पुढच्या लग्नांत बायका नारळ घेऊनच टपून बसायच्या. धवल्यांकडं कुणाचं लक्षच नसायचं.

२००५ च्या वैशाखात घरचंच लग्न निघालं, नणंदेचं. भावना या घरात आली तेव्हा मृणाली शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून सगळं भावनानंच केलेलं. आता ती कॉलेज शिकलेली, तोंडावर बोलणारी.

"वहिनी, माझ्या लग्नात मला देवी नको. तू गा."

"मना जमत न्हाय गो. तोंड उगडलं का छाती फुटल असं वाटतं."

"मग हेच डॉक्टरला सांग. चल."

भिवंडीतला तो दवाखाना लूमच्या कारखान्यावर होता. खालची खटखट एवढी, की ठोके ऐकताना डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. नाडी पाहिली, कार्डिओग्राम काढला, दमा आहे का ते दोनदा विचारलं.

"हृदय ठणठणीत आहे. ही प्रोप्रॅनोलॉलची गोळी, गायच्या तासभर आधी घ्यायची. रोज नाही. आधी एकदा घरी घेऊन बघा, चक्कर येते का. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका, दमेकऱ्याला तर मुळीच नको. धडधड आणि कापरं कमी होईल. मनातली भीती मात्र जाईलच असं नाही."

"देवीचा कोप न्हाय ना व्हनार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ती येते तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?"

"पलून जावंसं वाटतं."

"मग ती देवी नाही, बाई."

लग्नाच्या दिवशी तासभर आधी गोळी घेतली, तरी भीती होतीच. पण हात जागेवर राहिले, आणि हात राहिले म्हणून आवाजही राहिला. भावना गाऊ लागली. काशी मांडीवर नारळ घेऊन ताटकळली आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गेली गो हिची देवी सोरून."

ते भावनाला लागलं. आता पाया पडणारं कुणी नव्हतं. गाणं आवडलं नाही तर हातात काहीच उरणार नव्हतं. तरी तिनं पुढची ओळ घेतली. मागून एकीनं ती उचलली, मग दुसरीनं, आणि बघता बघता मांडव गाऊ लागला. एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी पाठवणी. मृणाली गळ्यात पडली आणि भावनाचा सूर मधेच तुटला. अंग गदगदून हलू लागलं. काशी नारळ घेऊन लगबगीनं उठली. "आयली, आयली."

ठमाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "देवी न्हाय, काशे. तिची पोर चाललीय. रडू दे तिला."