सपाट तळपायांची बॅच

युद्धाला नाही म्हणणारा एक साधा पोरगाही साम्राज्याला घाम फोडतो, असं निशिगंधा दरवर्षी इतिहासाच्या वर्गात सांगे. आवाज जरा खाली आणून सांगे. मग “हे पाच मार्कांना येतं,” म्हणे, आणि वर्ग पेन उचले.

धडा न्यूझीलंडच्या पोरांचा होता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे सक्तीची कवायत आली. काही पोरांनी ती नाकारली, दंडही भरला नाही, तेव्हा सरकारने त्यांना बेटावरच्या किल्ल्यात डांबलं. तिथे त्यांनी जेवणही नाकारलं. निशिगंधाच्या नेरूळच्या कॉलेजात आजवर हे कुणी अंगाला लावून घेतलं नव्हतं.

यंदा कॉलेजनेच दुसऱ्या वर्षाला सैनिकी प्रशिक्षण सक्तीचं केलं. संमतिपत्रावर सही करा, नाहीतर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. दोन्ही नसेल तर हॉल तिकीट नाही. अर्ध्या वर्गाने सर्टिफिकेट जोडलं. सपाट तळपायांना कवायत माफ असते, आणि स्टेशनसमोरचा एक डॉक्टर वाजवी दरात कागदावर तळपाय सपाट करून देत होता. कबड्डीचा कॅप्टन तेजसही त्याच्याकडून सपाट होऊन आला. प्राचार्यांनी सगळ्यांना सहानुभूतीने सूट दिली.

सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या प्रितमने मात्र लिहून दिलं की त्याची तब्येत उत्तम आहे, पण माणूस मारायला शिकायची त्याची इच्छा नाही.

यावर काय शेरा मारावा, हे ऑफिसात कुणाला सुचेना. खोटं बोलणाऱ्याची सोय होती, ह्याची नव्हती. प्राचार्यांनी निशिगंधाला बोलावून पोराला समजवायला सांगितलं. तिचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय, हेही बोलण्याच्या ओघात निघालं.

दुसऱ्या दिवशी प्रितमची आई राहीबाई मासळीबाजारातून थेट स्टाफरूममध्ये आली. तिच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला प्रितम पहिलाच.

“बाय, डाक्टर लिवून देतो म्हन्तो, तर ह्यो म्हन्तो माजं पाय चांगलं हायत. तुमीच शिकवलंय त्याला, आता तुमीच उलटं शिकवा.”

निशिगंधाने उलटं शिकवलं. कॉरिडॉरमध्येच. नुसता कागद आहे, मनातून कुठे काय बदलतं, पदवी हातात आली की मग काय ते विरोध कर, वगैरे. प्रितमने सगळं ऐकून विचारलं,

“मॅडम, त्या बेटावरच्या पोरांना सर्टिफिकेट मिळत नव्हतं का?”

“तो भाग सिलॅबसमध्ये नाही,” ती म्हणाली.

शिस्त समितीने प्रितमचं हॉल तिकीट रोखलं. ठराव निशिगंधाने लिहिला, कारण समितीत शुद्ध मराठी तिचीच होती.

परीक्षेच्या दिवशी लिफ्ट बंद होती. सपाट तळपाय चार मजले धावत चढले, तेजस तर दोन-दोन पायऱ्या गाळत. प्रितम गेटबाहेर उभा होता. वॉचमनने हटकलं तसा निघून गेला. पेपरात बेटावरच्या पोरांचा प्रश्न आलाच. सुपरव्हिजन करता करता निशिगंधा उत्तरं वाचत गेली. सगळ्यांनी छान लिहिलं होतं. एकाने ‘त्याग’ शब्द अधोरेखित केला होता.

प्रितमचं वर्ष गेलं, त्यामागून स्कॉलरशिप गेली, मग कॉलेज. तो वाशीला कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या उचलायला लागला. राहीबाईने बाजारात निशिगंधाला पापलेट साफ करून दिलं, पैसे घेतले, पण ‘बाय’ अशी हाक मारली नाही. जूनमध्ये निशिगंधाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

सैनिकी प्रशिक्षण त्या वर्षी झालंच नाही. इन्स्ट्रक्टर नेमायचा राहून गेला होता.